फादर एमिल कपॉन : कूच करण्यापूर्वीची दहा वर्षे

धर्मग्रामाच्या महोत्सवाची पुस्तिका उघडली म्हणजे प्रथम देवालयाची पायाभरणी, मग घंटा, मग वेदी, आणि त्यानंतर आजवर येऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळी, असा क्रम बहुधा आढळतो; आणि तो योग्यच आहे. त्या नामावळीत कोण आले व किती वर्षे राहिले हे लिहिलेले असते. कोण कोठे गेले आणि का गेले, हे मात्र क्वचितच कोणी लिहितो. म्हणून ह्या पुस्तिकेत आम्ही मुद्दाम एका परक्या धर्मग्रामाची हकीकत सांगावयाचे योजिले आहे. ह्या धर्मग्रामास आपल्याच एका शेतकऱ्याचा मुलगा धर्मगुरू म्हणून लाभला, आणि चार वर्षांतच तो त्यास सैन्याच्या हवाली करावा लागला. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पिल्सेन हे ते खेडे, आणि फादर एमिल कपॉन हे ते धर्मगुरू होत.

सैन्याबरोबर धर्मगुरू असणे ही गोष्ट आपल्या मुलखास नवीन नाही. पुण्याचे सिटी चर्च ज्या जमिनीवर उभे आहे ती सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिली, आणि ती दिली ती आपल्या फौजेतील कॅथलिक शिपायांची व अंमलदारांची उपासनेची सोय व्हावी म्हणून. पुढे १८५० साली त्याच पुण्यात सेंट पॅट्रिकचे देवालय झाले तेही मुख्यतः इंग्रजी फौजेतील आयरिश शिपायांकरिता. आज ह्या देवालयांत ज्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा होतो त्या कुटुंबांचा बंदुकीशी बहुधा काही संबंध नसतो; तरी मूळ शोधू गेल्यास ते छावणीत सापडते. फार काय, लहान प्रार्थनामंदिरास आपण कपेल म्हणतो तो शब्दही छावणीतूनच आलेला आहे. तूरचे संत मार्टिन हे रोमन सैन्यात शिपाई असताना त्यांनी आपल्या झग्याचे दोन तुकडे करून एक तुकडा थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांचा म्हणून जपून ठेविलेला झगा फ्रँक लोकांचे राजे लढाईस जाताना बरोबर नेत असत. लॅटिन भाषेत त्या लहान झग्यास कापेल्ला म्हणत. तो जेथे ठेवीत ती जागा कपेल झाली, आणि तो सांभाळणारे पाद्री चॅपलन झाले.

परंतु शांतीच्या राजाचा सेवक तलवारीच्या मागे कशास जातो, हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा मांडण्यात आला आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. तोफांवर पवित्र पाणी शिंपडणारे पाद्री इतिहासात होऊन गेले, हे आम्ही नाकारीत नाही. पण ख्रिस्तसभेने घालून दिलेला नियम निराळा आहे व तो फार जुना आहे. सन ७४२ च्या जर्मन धर्मसभेने धर्मसेवकांस शस्त्र धरण्याची व युद्धास जाण्याची मनाई केली. आणि त्याच ठरावात अपवाद एवढाच ठेविला की, मिस्सा अर्पण करण्याकरिता थोडके धर्मगुरू राजाबरोबर असावेत व प्रत्येक सेनानायकाजवळ शिपायांचे पापनिवेदन ऐकावयास एक धर्मगुरू असावा. म्हणजे धर्मगुरू जावयाचा तो लढाईकरिता नव्हे. लढाईत जो मरणार त्याच्याकरिता. पुढे १८६४ च्या जिनिव्हा करारानेही जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांबरोबर चॅपलनांस तटस्थ मानिले. अमेरिकेच्या सैन्यात चॅपलनास अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो, पण हुकूम चालविण्याचा अधिकार मिळत नाही. आणि त्याच्या कमरेस पिस्तूल नसते.

आता पिल्सेनकडे वळू. बोहेमिया देशातून गेलेल्या चेक शेतकऱ्यांनी वसविलेले हे गाव. चोहोंकडे गव्हाची सपाट शेते, आणि त्यांच्या मधोमध दुरून दिसणारे संत जॉन नेपोमुक यांचे विटांचे उंच देवालय. पापनिवेदनात ऐकिलेले रहस्य राजापुढेही उघड न केल्यामुळे संत जॉन नेपोमुक १३९३ साली प्राग येथे नदीत बुडविले गेले, अशी परंपरा आहे. पापनिवेदनाकरिता प्राण देणाऱ्या संताच्या छायेत हा मुलगा वाढला, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. एमिल यांचा जन्म २० एप्रिल १९१६ रोजी गावाबाहेरच्या शेतावर झाला. घरची भाषा चेक. घर गरिबीचे. गाई दोहणे, नांगर धरणे, मोडलेले अवजार पैसे न खर्चिता घरीच नीट करणे, हे शिक्षण त्यांस शाळेच्या आधी मिळाले. मिझूरी राज्यातील कन्सेप्शन येथील बेनेडिक्टाईन मठाच्या विद्यालयात आणि नंतर सेंट लुइसच्या केनरिक सेमिनरीत शिकून ९ जून १९४० रोजी त्यांनी गुरुदीक्षा घेतली, आणि विचिटाच्या बिशपांनी त्यांस त्यांच्याच गावी, वृद्ध फादर स्क्लेनार यांच्या हाताखाली, नेमून पाठविले.

आपल्याच गावी धर्मगुरू होणे ही गोष्ट वाटते तितकी सुखाची नाही. प्रभूंनी स्वतःच्या गावाविषयी काय म्हटले होते ते वाचकांस ठाऊक आहे. पापनिवेदनास येणारा चुलता असतो, तंटा घेऊन येणारा मामा असतो. आणि जिने आपणांस पाळण्यात पाहिले त्या म्हातारीस आपण उपदेश करावयाचा! १९४३ च्या अखेरीस फादर स्क्लेनार निवृत्त झाले आणि सबंध धर्मग्रामाचा भार ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर आला. ही अडचण त्यांस फार बोचत होती, आणि आपल्या जागी दुसरा कोणी असता तर लोकांस मोकळेपणा वाटला असता असे त्यांचे मत होते. पण मन सैन्याकडे ओढणारे दुसरे कारण त्याआधीच घडले होते. जवळच्या हेरिंग्टन येथे महायुद्धामुळे लष्करी विमानतळ उघडला होता, व १९४३ सालापासून फादर कपॉन तेथे सहायक चॅपलन म्हणून जाऊ लागले होते. खेड्यातील माणसास धर्मगुरू हाकेच्या अंतरावर असतो. विमानतळावरील पोरगा मात्र घर सोडून शेकडो मैल आलेला, दोन महिन्यांनी समुद्रापार जावयाचा, आणि कोणाजवळ मन मोकळे करावे हे त्यास ठाऊक नाही. ही तफावत ज्याने एकदा पाहिली त्याचे मन शेताभातात कसे रमावे?

तथापि धर्मगुरू स्वतःच्या मर्जीने सैन्यात जाऊ शकत नाही. आधी त्याच्या बिशपांनी त्यास मोकळे करावयाचे. मग सैन्यातील कॅथलिकांकरिता नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांनी (त्या काळी हा अधिकार न्यूयॉर्कचे आर्चबिशप स्पेलमन यांच्याकडे होता) त्यास संमती द्यावयाची. आणि त्यानंतर सरकारने त्यास पसंत करावयाचे. ह्या तीन दारांपैकी पहिले दार सर्वांत जड असते, असे आम्हांस वाटते. कारण बिशपांपुढे एका बाजूस दूरचे शिपाई असतात, तर दुसऱ्या बाजूस समोर उभा असलेला, धर्मगुरूवाचून राहणारा धर्मग्राम असतो. विचिटाच्या बिशपांनी परवानगी दिली.

ऑगस्ट १९४४ मध्ये फादर कपॉन मॅसॅच्युसेट्स राज्यातील फोर्ट डेव्हन्स येथील चॅपलनांच्या शाळेत दाखल झाले. ह्या शाळेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी असे सर्व धर्मगुरू तेथे एकाच रांगेत उभे राहून कवाईत शिकत. सलाम कसा करावा, नकाशा कसा वाचावा, विषारी वायूपासून बचाव कसा करावा, जखमेवर पट्टी कशी बांधावी, लष्करी कायदा काय म्हणतो, मेलेल्या शिपायाचे दफन कसे करावे व त्याच्या कबरेची नोंद कशी ठेवावी, असे सर्व विषय काही आठवड्यांत उरकले जात. प्रवचन कसे करावे किंवा पापनिवेदन कसे ऐकावे हे तेथे कोणी शिकवीत नसे. ते येणाऱ्याने घरून आणावयाचे होते.

एक बारीक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. अमेरिकन शिपायाच्या गळ्यात धातूच्या दोन चकत्या असत. त्यांवर नाव, क्रमांक, रक्ताचा प्रकार आणि शेवटी धर्म दर्शविणारे एक अक्षर कोरलेले असे : कॅथलिकास ‘सी’, प्रॉटेस्टंटास ‘पी’, यहुद्यास ‘एच’. बेशुद्ध पडलेल्याजवळ पोहोचलेल्या चॅपलनाने ती चकती पाहून कोणती प्रार्थना म्हणावयाची ते ठरवावयाचे. अक्षर ‘सी’ असेल तर अंत्यअभ्यंगाचे तेल व पापक्षमा. दुसरे असेल तर त्या माणसाच्या धर्मास रुचेल अशी प्रार्थना, आणि हातात हात. कोणालाही टाळून पुढे जाण्याची मुभा नाही. हा नियम शाळेत एका वाक्यात सांगता येतो. तो अंगी बाणण्यास मात्र कवाईत पुरी पडत नाही.

चॅपलनाची पेटी हाही एक निराळाच विषय आहे. लहानशा पेटीत चषक, तबकडी, मेणबत्त्या, द्राक्षरसाची व पाण्याची सुरई, ओस्त्यांचा डबा, घडी घातलेली पूजावस्त्रे, मिस्साग्रंथ आणि संतांचे अवशेष बसविलेली लहान वेदीशिला असे सर्व मावावे लागे. कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे अभिषेक केलेल्या शिलेवाचून मिस्सा करता येत नसे. खिशात अभ्यंगाच्या तेलाची कुपी व अरुंद स्तोल. शिवाय एक वही, जिच्यात शिपायांची नावे आणि त्यांच्या आईबापांचे पत्ते असत; कारण जो पडेल त्याच्या घरी पत्र लिहिण्याचे काम चॅपलनाकडेच येई. ती वही कूच करण्यापूर्वी भरावयाची असते, आणि ती भरताना लिहिणाऱ्यास व लिहवून घेणाऱ्यास दोघांसही तिचा उपयोग ठाऊक असतो.

फोर्ट डेव्हन्सहून फादर कपॉन जॉर्जिया राज्यातील कॅम्प व्हीलर येथे गेले. तेथे सुमारे १९,००० स्त्रीपुरुष होते आणि त्यांच्याकरिता चॅपलन होते अवघे दोन! आपल्या धर्मग्रामात शंभर कुटुंबांमागे एक धर्मगुरू असावा अशी मागणी करणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. त्यानंतर १९४५ साली त्यांची नेमणूक ब्रह्मदेश व हिंदुस्थान ह्या रणक्षेत्रावर झाली, आणि अशा रीतीने कॅन्ससचा हा शेतकरी आपल्या देशी येऊन गेला. लढाई संपत आली होती; पण रस्ते बांधणाऱ्या, विमाने चालविणाऱ्या व दवाखान्यांत पडलेल्या शिपायांच्या तुकड्या दूरदूर विखुरलेल्या होत्या. त्यांना गाठण्याकरिता जीपमधून व विमानातून ते महिन्याकाठी जवळजवळ २,००० मैल फिरत. जानेवारी १९४६ मध्ये ते कॅप्टन झाले व त्याच वर्षी घरी परतले.

येथेच गोष्ट संपावयास हरकत नव्हती. सरकारी खर्चाने त्यांनी वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात शिक्षणशास्त्राची एम. ए. पदवी १९४८ साली मिळविली, आणि कॅन्ससमधील टिम्कन ह्या दुसऱ्या चेक खेड्याचे ते धर्मगुरू झाले. वय बत्तीस, देशाची चाकरी करून झालेली, लोक आपल्याच भाषेचे, पण आता नातेवाईक नव्हेत. अशा माणसाने पुन्हा सैन्यात जाण्याची परवानगी मागावी, हे आम्हांस ह्या सबंध चरित्रातील सर्वांत विचार करावयास लावणारे स्थळ वाटते. पहिल्या खेपेस महायुद्ध होते, तरुण रक्त होते, आणि गावातली अडचणही होती. दुसऱ्या खेपेस ह्यांपैकी काहीच नव्हते. शांततेचा काळ होता, आणि शांततेच्या काळातील छावणी ही धर्मगुरूच्या दृष्टीने लढाईहून कठीण असते असे जाणते लोक सांगतात. कारण मरणाचे भय गेले की पापनिवेदनाची रांगही आखडते. त्यांस एवढेच दिसत होते की, खेड्यास दुसरा धर्मगुरू मिळेल, पण शिपायांस मिळेलच असे नाही. बिशप मार्क कॅरोल यांनी त्यांस मोकळे केले. टिम्कनच्या लोकांस धर्मगुरू लाभून सहा महिनेही झाले नव्हते. त्यांस काय वाटले असेल? ज्या धर्मग्रामातून एखादे आवडते फादर अकस्मात बदलून गेले असतील त्यांनी ह्याचे उत्तर स्वतःच्या मनास विचारावे.

टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे विमानवेधी तोफखान्याच्या ब्रिगेडमध्ये एक वर्ष काढल्यावर डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी आईबापांचा निरोप घेतला. ती भेट शेवटची ठरली. जानेवारी १९५० मध्ये ते जपानात पहिल्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या आठव्या रेजिमेंटमध्ये रुजू झाले. डिव्हिजनचे नाव घोडदळाचे होते, पण घोडा एकही नव्हता. हे सारे पायदळच. पराभूत जपानवर पहारा ठेवणे एवढेच काम असल्यामुळे कवाईत ढिली पडली होती व तुकड्यांत माणसेही अपुरी होती. २५ जून १९५० रोजी, रविवारी, कोरियात युद्ध पेटले. हाताशी असलेल्या तुकड्या तिकडे धाडताना ह्या डिव्हिजनमधील अनुभवी हवालदार काढून दुसरीस देण्यात आले. आणि तीन आठवडे होतात न होतात तोच उरलेल्या ह्या पोरासोरांच्या डिव्हिजनलाही जहाजांवर चढण्याचा हुकूम झाला.

कूच करण्याच्या अशा दिवसांत चॅपलनास झोप मिळत नाही. एरवी जो शिपाई देवालयाच्या बाहेर विडी ओढीत उभा राहतो तोच आता रांगेत येतो, आणि पाच वर्षांचे पापनिवेदन पाच मिनिटांत करावयास बघतो. कोणास आईला पत्र लिहावयाचे असते पण शब्द सुचत नाहीत. कोणाचे लग्न मोडण्याच्या बेतात असते. कोणी जपमाळ मागावयास येतो व ती कशी म्हणावयाची हे विसरल्याचे लाजत कबूल करतो. कोणी काहीच बोलत नाही, नुसता बसून राहतो. त्याच्याजवळ बसावे लागते. वेळ अगदीच नसेल आणि मरण समोर असेल तर सर्वांस एकदम पापक्षमा देण्याची सोय ख्रिस्तसभेने ठेविली आहे. पण जो वाचेल त्याने मागाहून एकट्याने पापनिवेदन केलेच पाहिजे अशी अट आहे. म्हणून मनापासून काम करणारा चॅपलन त्या सोयीवर विसंबत नाही. तो एकेकास गाठतो. बाप्तिस्मा, पापक्षमा, ख्रिस्तप्रसाद, पत्र, वहीतला पत्ता, आणि हे सर्व चालू असताना स्वतःच्या मरणाची तयारी करावयाची ती त्याने केव्हा करावयाची? तिच्याकरिता कोणत्याही लष्करी वेळापत्रकात जागा नसते.

१८ जुलै १९५० रोजी डिव्हिजन कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहांग येथे उतरली, आणि थोड्याच दिवसांत माघारीस लागली. येथून एकेक गोष्ट फादर कपॉन यांच्या हातून निसटू लागते. जीप गेली, तेव्हा ते जुन्या सायकलवरून डोंगराळ वाटांनी तुकड्या शोधीत फिरू लागले. एकदा शत्रूच्या गोळीने त्यांच्या तोंडातील चिलीम उडविली. ऑगस्टच्या आरंभी गोळीबारातून एका जखमी शिपायास त्यांनी उचलून आणिले, त्याबद्दल त्यांस ब्राँझ स्टार हे पदक मिळाले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी जीपच्या बॉनेटवर चादर अंथरून ते मिस्सा करीत असल्याचे छायाचित्र घेतले गेले. पुढे ते जगभर गेले. त्या वेळी फौजा उत्तरेस चालल्या होत्या, आणि युद्ध नाताळाच्या आत संपणार असे बोलले जात होते.

१ नोव्हेंबरच्या रात्री उनसान येथे चिनी सैन्याने आठव्या रेजिमेंटला घेरले. तिसरी बटालियन, सुमारे ८०० माणसांची, पुरती वेढली गेली. ज्यांना चालता येत होते त्यांस निसटून जाण्याचा हुकूम झाला. फादर कपॉन यांना चालता येत होते. ते जखमींजवळ राहिले, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर कॅप्टन क्लॅरन्स अँडरसन हेही राहिले. जखमींत एक चिनी अधिकारी होता. त्याच्या मध्यस्थीने फादरांनी सर्वांचे प्राण वाचतील अशा शरणागतीची तजवीज केली. बाहेर आल्यावर त्यांनी पाहिले की, घोटा मोडून पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलर याच्या डोक्यावर एका चिनी शिपायाने बंदूक रोखली आहे. ते चालत गेले, बंदूक हाताने बाजूस सारिली, मिलरला पाठीवर घेतले व निघाले. त्या शिपायाने गोळी का झाडली नाही हे कोणीच सांगू शकले नाही. मिलर जगला व घरी परतला.

पुढचे सात महिने कैदेचे. थंडीत कित्येक दिवसांची चाल करून कैदी यालू नदीकाठच्या प्योकटोंग येथील छावणीत पोहोचले. त्या हिवाळ्यात तेथे शेकडो कैदी भुकेने, थंडीने व हगवणीने मेले. आता फादरांजवळ पेटी नव्हती, ओस्त्या नव्हत्या, द्राक्षरस नव्हता. उपासनेस बंदी होती. मिस्सा करणे अशक्य झाले. सरकारने दिलेले व शाळेने शिकविलेले जवळजवळ सर्व संपले होते. उरला तो पिल्सेनच्या शेतावरचा मुलगा. पडक्या घरावरचे पत्रे काढून दगडाने ठोकून त्यांनी भांडी बनविली, आणि त्यांत बर्फ वितळवून ते पाणी उकळू लागले. उकळलेल्या पाण्याने किती जीव वाचले असतील ह्याचा हिशेब कोणी ठेविला नाही. हगवणीने आजारी झालेल्यांचे मळलेले कपडे ते स्वतः धूत. ज्यांना हात उचलवत नसत त्यांच्या अंगावरच्या उवा ते वेचीत. रात्री पहारेकऱ्यांची नजर चुकवून मका व बटाटे चोरून आणीत, आणि निघण्यापूर्वी प्रभूंच्या उजव्या हातास क्रुसावर मेलेल्या पश्चात्तापी चोराची, संत दिस्मास यांची, मध्यस्थी मागत! ह्या चोरीविषयी नीतिशास्त्राचा काय निर्णय आहे हे विचारणाऱ्यास आम्ही एवढेच सांगू की, भुकेने मरणाऱ्याने आपल्या जिवापुरते घेतलेले अन्न ख्रिस्तसभेचे थोर आचार्य चोरी मानीत नाहीत. आणि फादर तर दुसऱ्यांच्या जिवापुरते आणीत होते. संध्याकाळी ते झोपड्याझोपड्यांतून चोरपावलांनी जाऊन जपमाळ म्हणवून घेत. त्यांत प्रॉटेस्टंट असत, यहुदी असत, व कशावरच विश्वास नसलेलेही असत.

२५ मार्च १९५१ रोजी पुनरुत्थानाचा सण आला. पहाटे अधिकारी कैद्यांस घेऊन ते छावणीतील एका पडक्या देवालयाच्या अवशेषांवर गेले. गळ्यात जांभळा स्तोल, हातात काटक्यांचा क्रूस, आणि कोणीतरी लपवून ठेविलेले प्रार्थनापुस्तक. मिस्सा नव्हतीच, दुःखसहनाचे वाचन व जपमाळ एवढाच विधी. पहारेकरी पाहत राहिले आणि त्यांनी अडविले नाही.

त्यानंतर लवकरच त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. हगवण व न्युमोनिया जडला. ते सावरू लागले आहेत असे सोबत्यांस वाटत असतानाच पहारेकरी त्यांस छावणीच्या तथाकथित दवाखान्यात न्यावयास आले. तेथे गेलेला परत येत नसे हे सर्वांस ठाऊक होते. सोबत्यांनी अडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फादरांनीच त्यांस आवरिले, आणि नेणाऱ्यांसही आशीर्वाद दिला. २३ मे १९५१ रोजी ते तेथे वारले. वय पस्तीस वर्षे. अंत्यअभ्यंग देण्यास जवळ धर्मगुरू नव्हता.

१९५३ साली सुटलेले कैदी छावणीबाहेर पडले तेव्हा त्यांच्याजवळ सरपणाच्या लाकडातून कोरलेला, जवळजवळ चार फूट उंचीचा एक क्रूस होता. तो कोरणारे जेराल्ड फिंक हे यहुदी वैमानिक. फादर कपॉन यांस त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर ते त्या छावणीत आले, आणि सोबत्यांच्या तोंडून जे ऐकिले त्यावरून त्यांनी हे काम हाती घेतले. तो क्रूस विचिटा येथे फादरांच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयात ठेविला गेला. पुढचे सन्मान सावकाश आले. १९९३ साली त्यांस प्रभुसेवक ही पदवी मिळाली. ११ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मेडल ऑफ ऑनर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांच्या पुतण्याच्या हाती दिले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांस वंदनीय म्हणून मान्यता दिली, ती दुसऱ्यांकरिता स्वेच्छेने प्राण वाहिल्याच्या कारणावरून.

देहाचा पत्ता मात्र सत्तर वर्षे नव्हता. प्योकटोंगच्या मातीत पुरलेल्या अनेकांच्या अस्थी युद्धानंतर परत मिळाल्या होत्या, आणि ज्यांची ओळख पटली नाही त्या हवाई बेटावरील राष्ट्रीय दफनभूमीत निनावी पुरल्या होत्या. त्यांत फादर कपॉनही होते. मार्च २०२१ मध्ये त्यांची ओळख पटली. २९ सप्टेंबर २०२१ रोजी विचिटा येथे मोठ्या समारंभाने अंत्यविधी होऊन त्यांस तेथील कॅथीड्रलमध्ये ठेविण्यात आले. परंतु त्याच्या चार दिवस आधी, विमान कॅन्ससला उतरल्यावर, पेटी प्रथम शेतांमधल्या रस्त्याने पिल्सेनला नेण्यात आली, आणि ज्या देवालयात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता तेथे गावकऱ्यांनी आपल्या धर्मगुरूस उतरवून घेतले.